हिवाळ्यांतील स्थिर हवा व रब्बीचीं पिकें

मार्गशीर्ष-पौषांत कित्येकदां आठ-दहा दिवस आकाश निरभ्र राहतें, वारा पडलेला असतो, दुपारीं ऊन चटकतें आणि पहांटे मात्र हुडहुडी भरते. असें कां होतें हें ध्यानीं आल्यास विहिरीचें मोजकें पाणी कोणत्या रात्रीं द्यावें हें ठरवितां येतें; म्हणून त्याचें विवेचन येथें करीत आहों.

हिवाळ्यांत उत्तर व मध्य भारतावर हवेचा दाब वाढतो. जेथें दाब अधिक, तेथें वरची हवा सावकाश खालीं बसूं लागते. खालीं येतांना ती दाबली जाऊन तापते व कोरडी होते. त्यामुळें ढग जमत नाहींत. ढग म्हणजे जमिनीवरची घोंगडीच होय. ती नसल्यामुळें दिवसां मिळालेली उष्णता जमीन रात्रीं आकाशांत सोडून देते व तिच्या लगतची हवा फार गारठते. ही गार हवा जड असल्यानें पाण्याप्रमाणें उतारानें वाहून खोलगट रानांत सांचते. माळावरचें पीक वांचून ओढ्याकांठचें करपतें, त्याचें कारण हेंच. सकाळीं चुलींचा धूर वर न जातां गांवावर आडवा पसरला, म्हणजे खालीं गार व वर ऊबदार हवा आहे असें ओळखावें.

मैदानी प्रदेशांत किमान उष्णतामान १० अंश सेल्सियस किंवा कमी होऊन सरासरीच्या ४.५ अंश वा अधिक खालीं गेलें, म्हणजे हवामानखातें त्यास थंडीची लाट म्हणतें. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं १.७ अंश, व नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं ३.५ अंश इतका पारा उतरला होता.

पश्चिमेकडील विक्षोभ उत्तरेंतून जाऊं लागले, किंवा पूर्वेकडून दमट वारे आले, म्हणजे ही स्थिति मोडते. आभाळ येऊन रात्र उबदार होते. परंतु तेवढ्यावरून थंडी सरली असें समजूं नये. विक्षोभ पुढें सरकल्यावर उत्तरेचे गार वारे पुन्हां सुटतात. तसेंच हिवाळा सरतां सरतां असे वारे एकत्र आल्यास गारपिटीचें भय असतें. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपीट सर्वांच्या स्मरणांत आहेच.

गव्हास थंडी मानवते व फुटवे चांगले येतात. हरभऱ्यासही ती हवीच, मात्र फुलोऱ्यांत कडाका पडल्यास फुलें गळतात. केळीची वाढ खुंटते व द्राक्षमण्यांची फुगवण मंदावते.

उपाय सोपे आहेत. बागायतींत सायंकाळीं किंवा रात्रीं हलकें पाणी द्यावें. ओली जमीन उष्णता अधिक सांठविते व विहिरीचें पाणी रात्रीच्या हवेहून ऊबदार असतें. कडाक्याच्या दिवसांत बागेची माती उकरून भुसभुशीत करूं नये. शेकोट्या पहांटेपूर्वीं पेटवाव्या व त्या लहान पण पुष्कळ असाव्या. एकाच मोठ्या जाळाची ऊब वर निघून जाते. वारा वाहत असल्यास त्यांचा उपयोग नाहीं.

हवामानखात्याचा चार-पांच दिवसांचा अंदाज बराच भरंवशाचा असतो. महिन्याचा अंदाज केवळ कल दाखवितो. यास्तव पाण्याची पाळी पहिल्यावरून ठरवावी, दुसऱ्यावरून नव्हे.