चॉकलेटची नक्षी, तापमानाची परीक्षा

केकवरील चॉकलेटचे नाजूक पंखे आणि जाळी ही केवळ हाताची करामत वाटते. पेस्ट्रीच्या विद्यार्थ्याला मात्र त्याआधी 'टेम्परिंग' साधावे लागते. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठते; त्यांपैकी पाचव्या प्रकारामुळे चॉकलेटला चकाकी येते आणि ते कटकन तुटते. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सियसला वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत थंड करून पुन्हा ३१-३२ अंशांवर आणतात. त्याहून फार तापले, तर हवे ते स्फटिक वितळतात आणि गोठल्यावर नक्षीवर पांढुरका थर चढतो. साहजिकच मुंबईच्या उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीवाचून हे काम जमणे कठीण. दिलासा इतकाच, की पांढुरके पडलेले चॉकलेट वाया जात नाही. ते वितळवून विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करता येतो.