न सांगता आलेला पाऊस आणि खळ्यातली सोलं



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटपला आणि चहा येईपर्यंत एकीने मोबाईलवर हिमाचलातल्या बर्फाचा व्हिडिओ लावला. पोरं बर्फाचे गोळे करून एकमेकांवर फेकत होती. सगळ्या जणी वाकून बघायला लागल्या. एकीने विचारलंच, "आमच्याकडे असो बर्फ कित्याक पडणा नाय गो?"

प्रश्न चांगला आहे. खरं तर बर्फ आपल्याही डोक्यावर असतो. पावसाळ्यातले मोठे ढग खूप उंच चढतात आणि पाचएक किलोमीटरच्या वर हवा इतकी थंड असते की ढगातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात. पण खाली येताना ते आपल्या उबदार हवेत वितळतात आणि आपल्या अंगणात पाणी होऊनच पोचतात. बर्फ तसाच जमिनीवर यायला खालची हवाही शून्याच्या आसपास गार लागते. आपल्या शेजारी समुद्र, त्यामुळे भर थंडीतही आपल्याकडे पारा तिथपर्यंत जात नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दव गोठतं, पण तो पडलेला बर्फ नव्हे. वळवाच्या पावसात कधीतरी गारा पडतात, त्या मात्र बर्फाच्याच. ढगातल्या जोरदार वाऱ्याने वर-खाली होताना त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात. त्या इतक्या जड होतात आणि इतक्या वेगाने पडतात की पूर्ण वितळायला वेळच मिळत नाही.

हिमाचलातल्या बायकांना त्या बर्फाचं कौतुक असतं आणि धसकाही असतो. थंडीतला बर्फ सफरचंदाच्या बागेला आणि झऱ्यांना हवाच असतो. पण त्याने रस्ते बंद होतात, वीज जाते, नळातलं पाणी गोठतं. आणि झाडं फुलोऱ्यावर असताना तो अवेळी पडला, तर हाताशी येणारं पीक जातं. हे ऐकताना आम्हाला आपला २०२५ चा मे महिना आठवला.

त्या मे महिन्यात काय झालं ते तुम्हीही पाहिलंय. २० तारखेनंतर पावसाने जोर धरला. समुद्रात दक्षिण कोकणच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, ते २४ मे रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला. एरवी तो १ जूनला पोचतो. दुसऱ्याच दिवशी, २५ मे रोजी, तो आपल्या देवगडात दाखल झाला आणि २६ ला मुंबईत. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. आपण मिरगाची वाट बघत होतो आणि पाऊस रोहिणी लागतानाच दारात उभा राहिला.

आनंद झाला नाही असं कशाला म्हणायचं? मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो, कळशी बुडत नाही, दोन-दोन खेपा लांबून आणाव्या लागतात. त्या खेपा वाचल्या. उकाड्याने रात्र रात्र झोप नव्हती, ती लागली. पोरं सुट्टीतच पावसात नाचली. टाकळ्याची भाजी लवकर उगवली.

पण त्याच वेळी आमच्या गटाची सोलं खळ्यात होती. पहिली जोराची सर आली तेव्हा एकच ओरड झाली, "पाऊस इलो गो, सोला भायर आसत!" जी हाताला लागली ती उचलली. बाकीची भिजली. पुढे चार दिवस ऊनच नाही, त्यामुळे आत घेतलेल्यांवरही बुरशी आली. रातांबे विकत घ्यायला गटातून कर्ज काढलं होतं. अर्ध्याहून जास्त माल टाकावा लागला आणि हप्ता मात्र जूनमध्ये भरावाच लागला. आमच्यातली सगळ्यात वयस्कर काकी म्हणाली, "विहिरीक पाणी इला ता बरा झाला, पण माझी सोला गेली." आम्हा सगळ्यांचं तेच झालं होतं.

नुकसानीची चौकशी करायला आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, पंचनामा शेतातल्या पिकाचा होतो, घराच्या पडझडीचा होतो. खळ्यात वाळत घातलेल्या सोलांसाठी, फणसाच्या साटांसाठी, आंबोशीसाठी त्या कागदावर रकाना नव्हता. आंबा बागेत भिजला तर ते नुकसान. आमच्या हातांनी फोडून, रसाची पुटं देऊन वाळवलेलं भिजलं तर ते घरातलं काम!

त्यानंतर आम्ही बसून विचार केला. पाऊस न सांगता आला, असं आपण म्हणतो. पण हवामान विभागाने १० मे रोजीच सांगितलं होतं की यंदा पाऊस केरळात लवकर, २७ मेच्या सुमारास येईल. पुढे आपल्या जिल्ह्यासाठी इशारेही आले. ती बातमी होडीवाल्यांपर्यंत गेली, बागायतदारांपर्यंत गेली. खळ्यापर्यंत आली नाही, कारण खळ्यात काय वाळतंय हे कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

आता रातांब्यांचा हंगाम पुन्हा तोंडावर आलाय. म्हणून आमच्या गटाने काय ठरवलंय ते सांगतो, तुम्हाला पटलं तर तुम्हीही करा.

पहिलं, गटातल्या एकीकडे हवामानाचं काम. तिने रोज सकाळी मोबाईलवर 'मौसम' ॲप बघायचं आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचं. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. नारिंगी दिसला की नवी सोलं उन्हात घालायची नाहीत.

दुसरं, सगळा माल उन्हाच्या भरवशावर ठेवायचा नाही. सोलांना आठवडाभर कडक ऊन लागतं. आगळ मिठावर टिकतं. म्हणून सुरुवातीच्या रातांब्यांची सोलं करायची आणि मेच्या मध्यानंतर येणाऱ्या रातांब्यांचं आगळ. त्यासाठी मीठ आणि बरण्या आधीच आणून ठेवायच्या.

तिसरं, खळ्यात खाटेवर किंवा बांबूच्या तट्ट्यावर वाळवायचं, म्हणजे दोघी जणी उचलून पटकन पडवीत नेऊ शकतात. ताडपत्री गटाच्या पैशातून एकदाच घ्यायची. सोलर ड्रायरसाठी काही मदत मिळते का, ते तुमच्या सीआरपीताईला विचारून ठेवा. आणि बुरशी आलेली सोलं धुऊन, पुन्हा वाळवून विकायची नाहीत. एकदा गिऱ्हाईक तुटलं की पुढच्या वर्षी आपणच बसून राहतो.

चौथं, वही. कुठल्या तारखेला किती किलो रातांबे फोडले, किती सोलं वाळत घातली, किती भिजली, हे लिहायचं आणि फोटो काढायचा. आज कागदावर रकाना नाही, पण ग्रामसभेत उभं राहून मागायचा तर हातात हिशोब हवा. गावातल्या पाच गटांच्या वह्या एकत्र आल्या, तर तो आकडा कुणालाही वाचावा लागेल.

आणि शेवटचं, पण सगळ्यात आधी लक्षात ठेवायचं. वळवाच्या पावसात विजा पडतात. 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की खळ्यातलं खळ्यात सोडायचं आणि घरात यायचं. झाडाखाली, मांगराच्या आडोशाला थांबायचं नाही. सोलं पुढच्या वर्षी पुन्हा करता येतील.

यंदा पाऊस कधी येईल ते आम्हाला माहीत नाही. लवकर आला तर विहिरीवर जाऊन आम्हीही खूश होऊ. फक्त त्या वेळी सोलं पडवीत असतील, एवढी तयारी आता करू या.