चाकावर मन हलकं होतं, पण स्टुडिओ कशावर चालतो?



नोकरीत जीव रमत नाही, पॉटरीचा दोन दिवसांचा कोर्स केला आणि कित्येक महिन्यांनी डोकं शांत झालं. मग मनात आलं, आपणच एक छोटा स्टुडिओ काढून शिकवू या का? हा विचार तुमच्याही डोक्यात असेल, तर साठवलेले पैसे काढण्याआधी हा लेख वाचा. वही-पेन जवळ ठेवा, थोडा हिशोबही करायचा आहे.

शांत वाटतं, ते खरंच आहे

चाकाच्या बरोबर मधोमध गोळा बसवायचा तर दोन्ही हात आणि सगळं लक्ष एकाच जागी लागतं. हात मातीने भरलेले, त्यामुळे मोबाईलही बाजूला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र, कोलाज किंवा मातीकाम करायला दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. आधी कला शिकलेले आणि न शिकलेले, यात फरक दिसला नाही.

यातून धंद्याची गोष्ट काय घ्यायची? तुमच्याकडे येणारा माणूस कप विकत घ्यायला येत नाही. कप बाजारात स्वस्त मिळतो. तो येतो दोन निवांत तासांसाठी.

पण एक लक्षात ठेवा. स्टुडिओ तुमचा झाला की ते निवांत तास गिऱ्हाईकाचे. तुमच्या वाट्याला माती मळणं, भट्टी लावणं आणि लादी पुसणं. म्हणून आठवड्यातले दोन-तीन तास फक्त स्वतःच्या चाकासाठी राखून ठेवा. नाहीतर ज्यासाठी हे सुरू केलं, तेच हरवेल.

दोन दिवसांच्या कोर्सवर शिकवू नका

मुंबईजवळ भाईंदरला स्टुडिओ असलेले ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. ते बिहारमधल्या कुंभार घरातले. घरात चाक असूनही ते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या ग्रामीण कुंभारकाम संस्थेत शिकायला गेले. विदर्भात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघही याच कामासाठी ओळखला जातो. एखाद्या चालत्या स्टुडिओत निदान सहा महिने हाताखाली काम करा. वस्तू घडवण्याइतकंच ती का तडकली, हे ओळखता यायला हवं.

खरा मालक भट्टी

बहुतेक नवे लोक चाकं मोजतात. तुम्ही भट्टी मोजा. वस्तू आधी पूर्ण वाळली पाहिजे. ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि वस्तू फुटते. मग साधारण ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, त्यावर ग्लेझ, आणि स्टोनवेअर असेल तर १,२०० अंशांच्या वर दुसरी. तयार वस्तू हातात पडायला दोन-तीन आठवडे लागतात.

आता वही घ्या. समजा, शनिवार-रविवार मिळून ६ जणांच्या २ बॅच, प्रत्येकाच्या २ वस्तू. आठवड्याला २४, महिन्याला ९६ वस्तू. पहिल्या भाजणीत वस्तू एकावर एक रचता येतात, समजा ४० मावल्या. ग्लेझच्या भाजणीत वस्तू एकमेकींना चिकटतात म्हणून अंतर ठेवावं लागतं, समजा ३० मावल्या. म्हणजे महिन्याला ३ अधिक ४, एकूण ७ भाजण्या. तापवणं आणि थंड होणं धरून एकीला दोन दिवस धरले, तर भट्टी १४ दिवस अडकली. ७ भाजण्यांचं वीजबिल आणि १० टक्के फुटतूट फीमध्ये आधीच धरा. भट्टी घेण्याआधी महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायचा का, हेही विचारा.

माती सुकली की तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. केरसुणी नको, ओल्या फडक्यानेच पुसायचं. जेवणाखाण्याच्या भांड्यांना शिसं नसलेलंच ग्लेझ वापरा.

आपल्या खंडाळ्यात काढायचा तर

लोणावळ्याचं नव्हे, साताऱ्याचं खंडाळा. हायवेवरून पुण्याचे लोक वाई, पाचगणी, महाबळेश्वरला जातात. वाटतं, हेच आपलं गिऱ्हाईक. पण शनिवारी केलेला कप रविवारी परतताना ओलाच असतो! कुरियर केला तर पॅकिंग आणि फुटण्याची जोखीम तुमची. पर्यटक जास्तीचं उत्पन्न समजा. पाया धरा शिरवळ एमआयडीसीतल्या कुटुंबांवर, शाळांवर आणि गावातल्या बायकांच्या दुपारच्या बॅचवर. तयार वस्तू न्यायला हा माणूस परत येणारच, आणि त्याच वेळी पुढची बॅच ठरते. इतरांना अडचण वाटणारे ते दोन-तीन आठवडे तुमचं मार्केटिंग करतात.

गावातल्या कुंभारमामांना विसरू नका

त्यांना फोटोपुरतं बोलावू नका. शिकवण्याचे पैसे ठरवून द्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. त्यांचा अर्ज भरायला मदत करा. तुमची स्वतःची उद्यम नोंदणीही करून घ्या, ती मोफत असते.

या महिन्यात काय कराल?

भट्टी अजून घेऊ नका. एखाद्या स्टुडिओशी बोलून भाजणीचे दर ठरवा. ओळखीतले नव्हेत, पैसे देणारे ६ जण जमवा आणि हाताने घडवायचे चार रविवार घ्या. त्याला चाकही लागत नाही. मग फक्त एक आकडा लिहा: पुढच्या महिन्याचे पैसे किती जणांनी भरले? चार किंवा जास्त असतील तर जागा बघायला लागा. एक-दोनच असतील तर बॅचची वेळ किंवा फी बदलून पुन्हा करून बघा. साठवलेले पैसे तोपर्यंत बँकेतच राहू द्या.