बियाण्याची झोप आणि जाग

मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्यावरून पाणी मिळाले की बी रुजते, अशी आपली समजूत झालेली असते. पण पसऱ्या भुईमूग काढल्याबरोबर पेरून पाहावा. पाणी, ऊब, हवा सारे असूनही तो कित्येक आठवडे उगवत नाही. उलट उपट्या भुईमुगाला काढणीच्या वेळी पाऊस लागला, तर तो जमिनीतच शेंगेच्या आत कोंब धरतो आणि हंगामाची मेहनत मातीत जाते. पाणी दोघांना सारखेच. मग हा भेद कशामुळे?

बियाच्या आत ‘थांब’ आणि ‘ऊठ’ असे दोन निरोप चालू असतात. हे निरोप नेणाऱ्या द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. ती अन्नही नव्हेत आणि खतही नव्हेत. ती अगदी अल्प प्रमाणात तयार होतात व पुष्कळदा दुसऱ्याच ठिकाणी जाऊन काम घडवून आणतात.

‘ऊठ’ म्हणणाऱ्या द्रव्याचा पत्ता जपानी शेतकऱ्याच्या नुकसानीतून लागला. तिकडे भाताला एक रोग पडे. रोपे भराभर उंच होत, फिकी पडत, कोलमडत आणि दाणा धरीत नसत. शेतकरी त्याला ‘बाकानाए’, म्हणजे खुळे रोप म्हणत. रोग बुरशीचा होता. १९२६ साली जपानच्या ताब्यातील फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात, कुरोसावा यांनी ती बुरशी वाढविलेले पाणी गाळून घेतले आणि निरोगी रोपांना दिले. बुरशी नसतानाही ती रोपे तशीच वाढली. १९३५ साली याबुता यांनी त्या पाण्यातील द्रव्याला ‘गिबरेलिन’ हे नाव दिले. पुढे १९५८ साली इंग्लंडमध्ये तेच द्रव्य घेवड्याच्या कोवळ्या बियांत सापडले. म्हणजे बुरशीचे विष समजलेली ही वस्तू झाडाच्या घरचीच निघाली!

तिचे काम सातूच्या दाण्यात स्वच्छ दिसते. दाण्याच्या एका टोकाला इवलासा अंकुर असतो. बाकीचा दाणा म्हणजे पिठाचे गोदाम. परंतु अंकुराला पीठ चालत नाही, साखर लागते. पाणी शोषले की अंकुर गिबरेलिन सोडतो. ते गोदामाभोवतीच्या जिवंत थरात पोहोचते आणि तो थर पिठाची साखर करणारे विकर तयार करू लागतो. अंकुराचा भाग कापून उरलेला दाणा नुसता भिजविला, तर पीठ जवळजवळ तसेच राहते; त्याला थोडे गिबरेलिन दिले की पीठ विरघळू लागते. हे १९६० साली ऑस्ट्रेलियात पॅलेग यांनी व जपानमध्ये योमो यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले.

‘थांब’ म्हणणारे द्रव्य ॲबसिसिक आम्ल. त्याचा शोध १९६० नंतरच्या काही वर्षांत, अमेरिकेत कपाशीच्या बोंडांवर आणि ब्रिटनमध्ये झाडांच्या झोपी गेलेल्या डोळ्यांवर काम करताना लागला. दाणा झाडावर भरत असतो तेव्हा तो ओलाच असतो. त्या वेळी त्याला रुजू न देता साठा करावयास लावणे आणि वाळणे सोसण्यास तयार करणे, हे या आम्लाचे काम. मक्याच्या काही सदोष वाणांत ते पुरेसे तयार होत नाही. त्यांचे दाणे कणसावरच रुजतात. पक्व बियात काळ लोटतो, काहींना थंडी तर काहींना उजेड लागतो. मग आम्लाचा जोर ओसरतो आणि गिबरेलिनचे पारडे जड होते.

कोंब फुटल्यावरही हे निरोप थांबत नाहीत. मातीखाली कोवळा शेंडा आकड्यासारखा वाकलेला असतो. माती घट्ट असली की रोपात एथिलीन वायू साठतो, आकडा मिटलेला राहतो आणि दांडा जाड होतो. त्यामुळे शेंडा न खरचटता वर येतो. उजेड लागला की तो उलगडतो. प्रकाशाकडे वळणे आणि मूळ खाली धाडणे हे ऑक्झिन या संप्रेरकाच्या वाटपाने होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अधिक उंची म्हणजे अधिक पीक नव्हे. ‘नोरिन १०’ या जपानी गव्हापासून निघालेले बुटके वाण गिबरेलिनचा निरोप पुरता मानीत नाहीत; १९६६ चा ‘आयआर ८’ भात ते द्रव्यच कमी बनवितो. म्हणून ही पिके खत मिळाल्यावरही लोळत नाहीत आणि दाणा भरतात. द्राक्षाच्या बागेत गिबरेलिन मोजून फवारतात, तेही ठरल्या वेळी. तेव्हा ‘वाढीचे औषध’ म्हणून बाटली हाती आली, तर आत काय आहे, किती आहे आणि कोणत्या पिकाला, हे विचारल्यावाचून गरिबाने पैसे मोजू नयेत.

पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासण्याची चाल चांगली आहे. पण न उगवलेले दाणेही पाहावेत. मऊ पडून कुजले ते मेले. फुगून टणक राहिले ते बहुधा झोपलेले असतात. पसऱ्या भुईमुगाची अशी झोप एथिलीन देणाऱ्या औषधाने मोडता येते. मेलेले बी पेरले तर दुबार पेरणीचा खर्च बसतो. झोपलेले बी मेलेले समजून टाकले तर घरचे चांगले बियाणे जाते. हातावर पोट असलेल्या कुळंब्याला यांतले एकही नुकसान परवडण्यासारखे नाही.