पहिल्या वाक्यापाशी अडलेली कथा

कथा मनात बराच काळ घोळत असते. पात्रे ओळखीची झालेली असतात, शेवटही ठरलेला असतो. मात्र कागद पुढे ओढला की पहिले वाक्य सुचत नाही. सुचलेच, तर लगेच खोडावेसे वाटते. कितीतरी हौशी लेखकांच्या कथा येथेच थांबतात आणि दोष प्रतिभेच्या माथी मारला जातो. नामवंत लेखकांचा अनुभव पाहता हे निदान चुकीचे ठरते.

वाचक जे प्रथम वाचतो, तेच लेखकाने प्रथम लिहिले पाहिजे, हा समज या अडचणीच्या मुळाशी असतो. गॅब्रिएल गार्सिया मार्क्वेझ यांनी एकेका पहिल्या परिच्छेदावर कित्येक महिने घालविल्याचे सांगितले आहे. ही चैन नवोदितांना परवडणारी नाही! त्यांनी सर्वांत स्पष्ट दिसणारा प्रसंग आधी लिहावा. मग तो भांडणाचा असो वा फलाटावरील निरोपाचा. कथेचा आरंभ नंतरही शोधता येतो.

अमेरिकी कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पुलित्झर पारितोषिक मिळून दशक उलटले, तरी कोऱ्या पानाची धास्ती त्यांना सुटली नव्हती. १९५१ मध्ये ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहिताना ते रोज प्रथम वहीच्या डाव्या पानावर आपले संपादक पास्कल कोविसी यांना पत्र लिहीत. त्यात पेन्सिलींच्या तक्रारी असत, घरची कामे असत, आज कोणता प्रसंग लिहावयाचा याचा विचारही असे. हात चालू लागला की उजव्या पानावर कादंबरी पुढे सरके. पत्राचा वाचक एकच, तोही आपला माणूस. त्यामुळे वाक्य साधले नाही तरी बिघडत नाही. ही पत्रे १९६९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची रीत निराळी होती. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच ते त्या दिवसाचे लेखन थांबवीत. दुसऱ्या दिवशी आरंभ शोधत बसावे लागत नसे.

मराठीत हे काम बहुधा तगाद्याने केले आहे. ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध केली. अंक ठरल्या दिवशी काढावयाचा, तर मनाजोगते वाक्य सुचेपर्यंत थांबणार कसे? १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यानंतर अशी मुदत कथाकारांच्या वाट्याला दरवर्षी येऊ लागली. ज्यांच्यामागे संपादक नाही, त्यांनी एखाद्या मित्रालाच तारीख देऊन ठेवावी. त्या दिवशी त्याच्या हाती दोन पाने पडली पाहिजेत, मग ती मधलीच का असेनात.