जोखमी हुंडी आणि विमानाचे मैल

चेन्नईच्या उच्च न्यायालयाची तांबडी इमारत ओलांडून उत्तरेकडे गेले की जॉर्ज टाउन हा भाग सुरू होतो. सतराव्या शतकात फोर्ट सेंट जॉर्ज या किल्ल्याच्या आश्रयाने विणकर, दुभाषे, दलाल आणि सावकार यांची जी वस्ती निर्माण झाली, तिचा हा वारसा होय. मूळ वस्ती किल्ल्याच्या तटाला लागून होती. अठराव्या शतकात फ्रेंचांशी झालेल्या युद्धांनंतर ती पाडण्यात आली आणि थोडी उत्तरेस नव्याने वसली. विसाव्या शतकाच्या आरंभी पाचव्या जॉर्जचे नाव तिला मिळाले. येथील तंबू चेट्टी आणि लिंगी चेट्टी या रस्त्यांची नावे व्यापाऱ्यांची आहेत; आणि मराठी वाचकाला साहुकारपेट या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. पतीवर चालणाऱ्या व्यवहारांची येथे तीन शतकांहून अधिक काळ सवय आहे. म्हणूनच क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या विमानाच्या मैलांचा विचार करण्यास ही पेठ सोयीची आहे.

या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृत्रिम बंदर उभे राहीपर्यंत जहाजे धक्क्याला लागत नसत. ती समुद्रात दूर नांगरून राहत आणि माल मसुला नावाच्या, फळ्या शिवून केलेल्या नावांमधून फेसाळ लाटा पार करून किनाऱ्यावर आणला जाई. पेगू, मनिला किंवा चीनपर्यंतचा प्रवास निर्विघ्न पार पडलेला माल अखेरच्या टप्प्यात डोळ्यांदेखत बुडण्याचा संभव असे. अशा व्यापारासाठी मद्रासमध्ये जे कर्ज दिले जाई त्याची अट विलक्षण होती. जहाज सुखरूप परतले तर व्यापाऱ्याने मुद्दल व भारी व्याज द्यावयाचे. जहाज बुडाले तर कर्जही बुडाले. प्रवास जितका लांबचा, तितका व्याजाचा दर अधिक. पश्चिम किनाऱ्यावरील पेढ्यांत याच जातीचा व्यवहार जोखमी हुंडी या नावाने चाले. माल पोहोचला तरच ती हुंडी वटत असे. दोन्ही व्यवहारांतील तत्त्व एकच होते: ज्याने पैसा पुरवला त्याने समुद्राची जोखीमही पत्करली, आणि त्या जोखमीचे मोल व्याजात आधीच धरले.

आता विमान कंपनीच्या मैलांकडे पाहू. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने मे १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी योजना सुरू केली. प्रवासात कापलेले मैल प्रवाशाच्या नावे जमा करावयाचे आणि पुरेसे साठले की त्याला विनाभाडे तिकीट द्यावयाचे, अशी तिची साधी रचना होती. त्याच दशकात बँकांनी या योजनांशी सांधा जुळवला आणि विमानात पाऊलही न ठेवता, किराणा किंवा कापड खरेदी करून, मैल मिळू लागले. भारतात डायनर्स क्लबचे कार्ड १९६१ साली आले होते. १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने कार्ड काढले आणि भारतीय बँकाही या क्षेत्रात उतरल्या. मैल देणारी कार्डे येथे रुजली ती मात्र १९९१ नंतर खाजगी विमान कंपन्यांना मुभा मिळाल्यावर.

हे मैल येतात कोठून, हा प्रश्न ग्राहक सहसा विचारीत नाही. कार्डावर १०० रुपयांची विक्री झाली की दुकानदाराच्या हाती पूर्ण १०० रुपये पडत नाहीत. साधारणपणे दोन रुपयांच्या आसपासची रक्कम बँका व कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी यांच्यात वाटली जाते आणि तिचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्या हिश्श्यातून, वार्षिक शुल्कातून आणि थकबाकीदारांच्या व्याजातून बँक विमान कंपनीकडून मैल घाऊक भावाने विकत घेते व ग्राहकाच्या नावे जमा करते. विमान कंपनीला पैसे आज मिळतात, आसन मात्र तिला पुढे केव्हा तरी द्यावयाचे असते. हा धंदा किती किफायतशीर आहे याचा प्रत्यय २०२० च्या महामारीत आला. विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड व डेल्टा या अमेरिकन कंपन्यांनी आपल्या मैलांच्या योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभारले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. कार्ड म्हणजे बँकेने ग्राहकाला दिलेली उधारी. परंतु साठलेले मैल म्हणजे ग्राहकाने विमान कंपनीला दिलेली उधारी होय. मद्रासच्या जुन्या सावकाराने जहाजाची जोखीम घेतली ती घसघशीत व्याजाच्या बदल्यात. मैल साठविणारा विमान कंपनीची जोखीम घेतो ती काहीही व्याज न घेता. उलट, पडून राहिलेल्या मैलांची मुदत संपते किंवा त्यांचे मोल घटते.

जोखीम केवळ कल्पनेतील नाही. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, आणि तिच्या योजनेतील मैल ज्यांच्यावर खर्च करावयाचे ती विमानेच उरली नाहीत. जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणे बंद केली. मात्र तिची मैलांची योजना तोपर्यंत एका स्वतंत्र कंपनीकडे गेलेली होती व तीत एतिहाद या कंपनीचा मोठा हिस्सा होता. त्यामुळे ती योजना त्याच वर्षी इंटरमाइल्स असे नाव घेऊन पुढे चालली. ज्या विमानांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे मैल जमविले होते ती मात्र गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या सभासदांचे गुण नव्या योजनेत वळते करण्यात आले. एकूण तीन कंपन्या आणि तीन निरनिराळे शेवट. कार्ड घेताना यांपैकी कोणता शेवट वाट्यास येईल हे ग्राहकाला आधी कळण्याचा मार्ग नव्हता.

जॉर्ज टाउनला अशा अनुभवाची स्मृती आहे. ऑक्टोबर १९०६ मध्ये अर्बथनॉट आणि कंपनी ही तेथील प्रतिष्ठित पेढी कोसळली. दक्षिणेतील हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांच्या ठेवी तीत अडकल्या, पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट यांना कारावासाची शिक्षा झाली, आणि या धक्क्यातूनच व्ही. कृष्णस्वामी अय्यर प्रभृतींच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९०७ रोजी इंडियन बँकेचे कामकाज सुरू झाले. बँकेतील ठेवीला पुढे १९६२ पासून विम्याचे संरक्षण मिळाले आणि २०२० साली त्याची मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. मैलांना असे कोणतेही संरक्षण नाही. योजनेच्या अटींमध्ये बहुधा मैल ही सभासदाची मालमत्ता नव्हे असेच नमूद केलेले असते. बारीक टाइपातील हे वाक्य फारसे कोणी वाचत नाही.

असे असूनही हे कार्ड घेणे अविचाराचे ठरत नाही. हिशेब मात्र केला पाहिजे. समजा, गोडाऊन स्ट्रीटवरील एक कापडाचा व्यापारी घरखर्च व प्रवास मिळून कार्डावर महिना ५०,००० रुपये, म्हणजे वर्षास ६ लाख रुपये खर्च करतो. कार्ड दर १०० रुपयांना २ मैल देते. वर्षाअखेर त्याचे १२,००० मैल होतात. आता एका मैलाचे मोल किती? त्याला सुरत किंवा मुंबईस जावयाचे आहे व ६,००० रुपयांचे तिकीट ८,००० मैलांना मिळते. परंतु कर व इतर आकार म्हणून १,२०० रुपये रोख भरावे लागतात. वाचलेल्या ४,८०० रुपयांना ८,००० ने भागले की मैलाचे मोल ६० पैसे ठरते. त्या हिशेबाने वर्षाची कमाई ७,२०० रुपये. कार्डाचे वार्षिक शुल्क ५,००० रुपये असेल तर १८ टक्के वस्तू व सेवा करासह ५,९०० रुपये जातात. हाती उरतात १,३०० रुपये. कोणतेही शुल्क नसलेले आणि खर्चाच्या एक टक्का रक्कम रोख परत देणारे साधे कार्ड त्याला ६,००० रुपये देऊन गेले असते.

हिशेब येथेच संपत नाही. पेट्रोल, घरभाडे, सरकारी भरणा अशा अनेक खर्चांवर बँका मैल देत नाहीत किंवा कमी देतात. सहा लाखांपैकी साडेचार लाखांवरच मैल मिळाले तर ते ९,००० भरतात, त्यांचे ५,४०० रुपये होतात आणि शुल्कही वसूल होत नाही. दुकानातील घाऊक खरेदी कार्डावर करून ही तूट भरून काढण्याचा मोह व्यापाऱ्यास होतो; पण वैयक्तिक कार्डाचा धंद्यासाठी वापर करण्यास बँकांच्या अटींची सामान्यतः मनाई असते. शिवाय पेठेतील दुसरा दुकानदार कार्ड पाहताच दोन टक्के अधिक मागतो. बँकेशी झालेल्या करारानुसार त्याने तसे करावयाचे नसते, तरी ही प्रथा सर्वत्र आढळते. ५०,००० रुपयांवर १,००० रुपये जादा देऊन ६०० रुपयांचे मैल मिळविणे, यास व्यापार म्हणता येत नाही.

पारडे फिरते ते दोन प्रसंगी. पहिला म्हणजे पहिल्या वर्षी मिळणारे स्वागताचे मैल. ते अनेकदा शुल्काहून अधिक मोलाचे असतात. दुसरा म्हणजे लांब पल्ल्याचा प्रवास. सिंगापूरमार्गे पूर्वेकडे किंवा युरोपात वरच्या वर्गाने जाणाऱ्यास एका मैलाचे मोल देशांतर्गत प्रवासाच्या दुपटी-तिपटीहून अधिक मिळू शकते. मात्र परदेशात कार्ड वापरल्यास बँका चलनबदलापोटी बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात व त्यावर कर घेतात, म्हणजे एकंदर ४.१३ टक्के. परदेशी खरेदीवर मैल जमविण्यापूर्वी हा आकडा ध्यानात घेणे आवश्यक आहे. शिवकाशीला रेल्वेने जाऊन छपाईची कामे करून घेणाऱ्या अँडरसन स्ट्रीटवरील कागदव्यापाऱ्यास तर या साऱ्याचे काहीच प्रयोजन नाही.

सर्वांत मोठा खड्डा व्याजाचा आहे. बिल पूर्ण भरले तर खरेदीच्या तारखेनुसार सुमारे २० ते ५० दिवस बँकेचा पैसा बिनव्याजी वापरता येतो. ते पूर्ण न भरल्यास ही सवलत जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज धरले जाते. दर महिना साडेतीन टक्के मानू. ५०,००० रुपयांच्या बिलापैकी केवळ किमान रक्कम म्हणून २,५०० रुपये भरले, तर उरलेल्या ४७,५०० रुपयांवर एका महिन्याचे व्याज करासह सुमारे १,९६२ रुपये होते. त्याच ५०,००० रुपयांवर मिळालेल्या १,००० मैलांचे मोल ६०० रुपये आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा ज्याचे बिल अधूनमधून थकते त्याने मैल देणाऱ्या कार्डाचा विचारच करू नये. त्याला कमी व्याजाची पत हवी असते, तिकीट नव्हे.

ज्याचे बिल दरमहा चुकते होते त्याच्यापुढे दोन प्रकारची कार्डे असतात. एका प्रकारात विमान कंपनीचे नावच कार्डावर असते आणि मैल थेट तिच्या योजनेत जमा होतात. मीनंबाक्कम विमानतळावरून आपल्याला हव्या त्या गावी ती कंपनी नित्य जात असेल, आणि वर्ष-दीड वर्षात एक तिकीट निघण्याइतके मैल होत असतील, तर हे कार्ड सरळ व सुटसुटीत. दुसऱ्या प्रकारात बँक स्वतःचे गुण देते व ग्राहक ते हवे तेव्हा अनेक कंपन्यांपैकी एकीच्या मैलांत बदलतो. हे गुण बँकेत असेपर्यंत विमान कंपनी बुडाल्याची झळ त्यांना लागत नाही. परंतु तेथे बँकेची लहर सोसावी लागते. ॲक्सिस बँकेने आपल्या मॅग्नस कार्डावरील ५ गुणांना ४ मैल हे प्रमाण १ सप्टेंबर २०२३ पासून ५ गुणांना २ मैल असे केले. साठा तोच राहिला, मोल निम्मे झाले.

यावर जुन्या पेढीवाल्यांचीच रीत उपयोगी पडते. ते दुसऱ्याची हुंडी हाती धरून बसत नसत, वेळ येताच वटवीत. गुण बँकेतच राहू द्यावे. तिकीट ठरले, आसन उपलब्ध असल्याची खात्री झाली आणि गुण पोहोचण्यास लागणारे दिवस हिशेबात धरले, म्हणजे मगच ते विमान कंपनीकडे वळवावे, कारण एकदा वळवलेले गुण परत येत नाहीत. थेट मैल देणारे कार्ड असेल तर एका प्रवासापुरते मैल होताच ते खर्च करावे. नातवाच्या शिक्षणासाठी सोने साठवतात तसे मैल साठवू नयेत.

दुसऱ्या वर्षाचे शुल्क लागण्यापूर्वी हाच हिशेब पुन्हा मांडावा, आणि तो जमत नसेल तर कार्ड बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व येणे चुकते केलेल्या ग्राहकाचे कार्ड अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले पाहिजे, अन्यथा बँकेला विलंबाच्या प्रत्येक दिवसाबद्दल ५०० रुपये द्यावे लागतात. अर्ज करण्याआधी शिल्लक गुण वापरून टाकावेत, कारण कार्डाबरोबर बँकेतील गुणही बहुधा रद्द होतात. विमान कंपनीच्या खात्यात पूर्वीच जमा झालेले मैल मात्र त्या योजनेच्या मुदतीपर्यंत राहतात.