एकमार्गी झडपेची गळती
एकमार्गी झडप म्हणजे नळातील पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. बाजारात ती नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह या नावाने मिळते. विहिरीवरील पंपाच्या शोषण नळाच्या तळाशी असणारा फूट व्हॉल्व्ह हा तिचाच जाळीदार प्रकार होय. जलतरण तलावाचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर असल्यास शोषण नळात ही झडप बसवतात. त्यामुळे पंप थांबल्यावरही नळ भरलेला राहतो.

झडप गळू लागली की पाणी ओसरते, पंप हवा धरतो, आणि कोरडा फिरत राहिल्यास त्याचे सील जळते. मात्र वरच्या भागात हवा शिरल्याखेरीज नळातील पाणी खाली उतरत नाही, याचा अनेकदा विसर पडतो. म्हणून झडपेला दोष देण्यापूर्वी पंपाच्या गाळणीच्या झाकणाखालील रबरी कडे तपासावे.

दुरुस्तीपूर्वी वीजपुरवठा खंडित करावा. तलावातील पाणी झडपेपेक्षा उंच असल्यास दोन्ही बाजूंचे कॉक बंद करावेत. झाकण उघडल्यावर बहुधा वाळूचा कण, पान किंवा केस अडकलेला आढळतो. चिपळूण शहरात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचा महापूर आला. अशा पुराचे पाणी शिरलेल्या ठिकाणी बारीक गाळही झडपेच्या बैठकीवर साचतो. बैठक मऊ फडक्याने पुसावी. पॉलिश पेपर वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांतूनच पुन्हा गळती होते. चिरलेले रबर बदलून त्यास सिलिकॉन ग्रीस लावावे. यंत्राच्या साध्या ग्रीसने काही प्रकारचे रबर फुगते. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत. झाकण नसलेली, सोल्यूशनने चिकटवलेली झडप दुरुस्त होत नाही. ती कापून नवी बसवताना तिच्यावरील बाण पंपाच्या दिशेला असावा.